पकडला गेलेल्या मुलाचं व्यसन डॉक्टरांपासून लपवू नका

डहाणूकर कॉलनीतला फ्लॅट असो की सुतारदऱ्यातली खोली, मुलगा पुडीसकट पकडला गेला की घरचे आधी व्यसन लपवायला धावतात. शेजाऱ्यांना सांगतात, तो गावाला गेलाय. डॉक्टरांना सांगतात, आमचा मुलगा तसा नाही. शेजाऱ्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. पण कोथरूडकरांनो, हात जोडून सांगतो, डॉक्टरांना खरं सांगा. अटकेनंतरचे पहिले चार दिवस त्याच्या जिवावर बेतू शकतात.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की काही तासांतच हात थरथरायला लागतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींना भास होतात, ताप चढतो, माणूस भिंतीशी बोलू लागतो. कोठडीबाहेरच्याला ते नाटक वाटतं, आणि उपचार मिळाले नाहीत तर त्यात माणूस दगावतो. गर्दवाल्यांची, म्हणजे ब्राउन शुगर ओढणाऱ्यांची ‘टर्की’ (नशा तुटल्यावरचा त्रास) वेगळी. अंग मोडून येतं, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. त्यात जीव सहसा जात नाही, पण अंगातलं पाणी फार कमी झालं तर तोही धोका असतो. दोन्हींवर औषधं आहेत.

अटक झाल्यावर लवकरात लवकर वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५३ सांगतं. तिथे नुसती जखमांची नोंद होऊन तो परत येऊ नये. काय घेतो, किती घेतो, शेवटचं कधी घेतलं, हे कागदावर लिहून काढा, जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या जोडा आणि सगळं डॉक्टरांपर्यंत पोचवा. तपासणीच्या अहवालाची प्रत मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

पोलिसांपुढे मात्र घाबरून भराभरा कबुल्या देऊ नका. कुठे काय सांगायचं ते वकिलाला ठरवू द्या. पैसे नाहीत म्हणून थांबू नका. कोठडीतल्या माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. शिवाजीनगर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, नाहीतर १५१०० वर फोन करा.

वकिलाला एक प्रश्न आवर्जून विचारा: कलम ६४अ लागू होईल का? १९८५च्या अमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्यात हे कलम आहे. स्वतःच्या सेवनासाठी किंवा अल्प प्रमाणात माल बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने सरकारी रुग्णालयात किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेतलं जाऊ शकतं. शिक्षा ठरण्याच्या टप्प्यावर कलम ३९ आहे. त्याखाली न्यायालय तुरुंगाऐवजी उपचारांसाठी सोडू शकतं. माल विकणाऱ्यांसाठी ही वाट नाही, आणि नसावीच.

उपचारांसाठी फार लांब जावं लागत नाही. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र येरवड्यात आहे, आणि वनाझहून येरवड्याला आता थेट मेट्रो जाते. तिथे ‘सहचरी’ हा व्यसनींच्या पत्नींचा गटही आहे. सून खचली असेल तर तिला तिथे घेऊन जा. तिचं दुखणं बहुतेक घरांत कुणी विचारतच नाही. ‘मारून सरळ करतो’ म्हणणाऱ्या केंद्रात मात्र मुलाला टाकू नका. केंद्राची नोंदणी आधी बघा. माहितीसाठी १४४४६ हा मोफत क्रमांक आहे.

आता सुटकेच्या दिवसाबद्दल. आत राहून नशा बंद झाली, म्हणजे पोरगं सुधारलं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात शरीराची सवय मोडलेली असते आणि ओढ तशीच असते. बाहेर येऊन जुन्याच मापाने गर्द घेतली तर श्वास बंद पडू शकतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मरण्याचा धोका इतर लोकांच्या १२९ पट आढळला. म्हणून जामिनाचा अर्ज करतानाच व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांची वेळ ठरवून ठेवा. कारागृहातल्या औषधांचे कागद मागून घ्या. आत क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या असतील तर एकही दिवस खंड न पडता महापालिकेच्या दवाखान्यातून त्या पुढे चालू करा. पहिले दोन आठवडे त्याला एकटं सोडू नका, हातात रोख पैसे देऊ नका, आणि तो उठत नाही किंवा श्वास मंद झालाय असं दिसलं तर १०८ला फोन करा. त्यांना खरं कारण सांगा.