वाळूचा सातबारा दाखवा!

कोकणात रिसॉर्टचे वॉचमन सर्रास सांगतात, "प्रायव्हेट बीच आहे." मी म्हणतो, कागद दाखवा! महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966, कलम 20 स्पष्ट आहे: भरतीच्या रेषेखालची जागा, कुणाचा कायदेशीर हक्क सिद्ध नसेल तर, सरकारची. मग मेटल डिटेक्टर घेऊन ओल्या वाळूत नाणी शोधणाऱ्या पोराला हाकलणारे हे कोण?

हां, नियम त्यालाही आहेत. रेषेच्या वर जागामालकाची परवानगी हवी. 1878 च्या गुप्तधन कायद्यानुसार दहा रुपयांवरचं गाडलेलं धन सापडलं, तर कलेक्टरला कळवायलाच हवं. पण तो हिशोब सरकारशी, वॉचमनशी नाही.

कलेक्टरसाहेब, भरतीच्या रेषेवर फलक लावा. नाहीतर ती रेषा वॉचमनची काठीच ठरवणार!