रक्त आमचे, औषध कोणाचे?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कोल्हारच्या आमच्या वस्तीत, विहाराच्या ओट्यावर, रात्री दहा वाजता आम्ही सातआठ जण एक कागद वाचत बसलो होतो. कागद कसला, सोळा पानांचा गठ्ठा, सगळा इंग्रजीत. वस्तीतल्या एका शेतमजूर बापाने तो पिशवीतून काढून आमच्यापुढे ठेवला होता. त्याच्या चौदा वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला आहे. कोल्हारपासून पुष्कळ लांबच्या शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात उपचार चालू होते, आणि शेवटच्या पानावर बापाची सही होती. तो समजत होता की हा सरकारी योजनेचा फॉर्म आहे. आम्ही वाचले तेव्हा कळले की ही नव्या औषधाच्या चाचणीची, म्हणजे क्लिनिकल ट्रायलची, संमती आहे.

आम्ही समजावून सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "साहेब म्हणले सही कर, मी केली. पोरगं वाचत असंल तर मी कोऱ्या स्टॅम्पावर बी सही करीन. पण मला एवढंच सांगा, मला नाही म्हणता येत होतं का?"

मित्रांनो, हा लेख त्या एका प्रश्नासाठी आहे. मुलगा आज उपचारावर आहे, औषध फुकट मिळते आहे, डॉक्टरांनी त्याचे वाईट चिंतले असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. ज्या बापाला 'नाही' म्हणता येते हेच ठाऊक नाही, त्याच्या 'हो'ला किंमत काय? त्या इस्पितळाने त्याची सही घेतली, संमती घेतलीच नाही.

आम्ही चाचण्यांच्या विरोधात नाही

हे आधी स्पष्ट करतो, कारण आपल्यातच एक सूर नेहमी निघतो: "तिकडे जाऊ नका, गरिबाला उंदीर करतात." राग खरा आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. आपण बुद्धाची लेकरे आहोत. कोणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा, ही आपली शिकवण आहे. वैद्यकातली चाचणी म्हणजे दुसरे काय? शंभर वर्षांपूर्वी रक्ताचा कर्करोग झालेले मूल काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जात असे. आज प्रगत देशांत लहान मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात दहापैकी आठांहून जास्त मुले बरी होतात. हे नवसाने झाले नाही, एकामागून एक चाचण्या करून झाले.

आणि त्या इतिहासाचा पहिला धागा आपल्या मुंबईत, परळमध्ये आहे, हे किती जणांना माहीत आहे? 1928 साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गरोदर गिरणी कामगार बायकांमध्ये एका प्रकारच्या रक्तक्षयाने मृत्यू फार होत होते, त्याचे कारण ती परळच्या हाफकिन संस्थेतून शोधत होती. पोटभर आणि चांगले खाणाऱ्या बायकांना हा आजार कमी होतो, गरिबांना जास्त, हे तिच्या लक्षात आले. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे तिने 1931 मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातला घटक पुढे फॉलिक अॅसिड म्हणून ओळखला गेला. मग 1947-48 मध्ये बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी फॉलिक अॅसिडला अडवणारे औषध ल्युकेमियाच्या मुलांना दिले आणि 16 पैकी 10 मुलांचा आजार काही काळ मागे हटला. रक्ताच्या कर्करोगावरचे आधुनिक औषधोपचार तिथून सुरू झाले. ते औषध तयार करणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते आंध्रच्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव.

विल्स यांचे नाव इतिहासात आहे, फार्बर यांचे आहे, आणि असलेच पाहिजे. पण परळच्या ज्या बायकांनी आपले रक्त तपासायला दिले त्यांची नावे कुठे आहेत? त्याच 1928 च्या सुमारास त्याच गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नव्हते, कारण धागा तोंडाने ओलवावा लागे आणि विटाळ होई. बाबासाहेबांनी तो प्रश्न संपाच्या वेळी लावून धरला होता. धाग्याला विटाळ होत होता, पण तपासणीच्या नळीतल्या गरिबाच्या रक्ताला कधीच विटाळ झाला नाही! विज्ञानाला गरिबाचे रक्त नेहमी चालले. प्रश्न नेहमी फळाच्या वाटपाचा होता.

धाराशिवच्या बायका

फार जुने वाटत असेल तर आपल्या शेजारच्या मराठवाड्याकडे पाहा. 1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा प्रयोग झाला. 52 गावगटांतल्या 1,31,746 बायका त्यात होत्या. तीन गटांना वेगवेगळी तपासणी मिळाली. चौथ्या गटातल्या 31,488 बायकांना तपासणी न देता नेहमीच्या व्यवस्थेवर सोडले, तुलनेसाठी. 2009 मध्ये निष्कर्ष छापून आले: एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने 34 मृत्यू, न झालेल्या गटात 64.

या प्रयोगाने जगाला उपयोगी ज्ञान दिले, हे मान्य. "गावात नाहीतरी तपासणी नव्हतीच, मग आम्ही काय हिरावले?" हा संशोधकांचा युक्तिवादही आम्ही ऐकला आहे. पण तोच आमचा मुद्दा आहे. गावात काहीच नाही, ही आमची वंचना. त्या वंचनेलाच 'प्रमाण उपचार' म्हणायचे आणि तिच्याशी तुलना करून शोधनिबंध लिहायचे, हा कुठला न्याय? शहरातल्या सुखवस्तू बायकांचा असा चौथा गट कोणी केला असता का?

मरणाऱ्याच्या जिवाचा भाव

आता कायदा. 2012 मध्ये स्वास्थ्य अधिकार मंचाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, तिथून औषध चाचण्यांचे नियम कडक होत गेले. आज 'नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम, 2019' लागू आहेत. त्या बापाच्या प्रश्नाचे उत्तर त्यांत स्वच्छ लिहिले आहे. हो, नाही म्हणता येते. अर्ध्यातून बाहेरही पडता येते, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यावी लागते. वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार लागतो. कागदाची प्रत रुग्णाला द्यावी लागते. नव्या रेणूच्या चाचणीत दुर्बल स्थितीतला रुग्ण असेल तर संमतीचे चित्रीकरण करावे लागते. इजा झाली तर मोफत उपचार, चाचणीमुळे मृत्यू झाला तर भरपाई.

पण भरपाईचे सूत्र बघा. आठ लाख हा पाया. त्याला वयाचा गुणक आणि 'जोखमीचा' गुणक लावायचा. निरोगी माणसाला जोखमीचा गुणक 4, आणि ज्याचे आयुष्य सहा महिन्यांहून जास्त उरलेले नाही अशा रुग्णाला 0.5. म्हणजे पासष्टीच्या निरोगी माणसाचा चाचणीत जीव गेला तर 32 लाख, आणि त्याच वयाच्या रक्ताच्या कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाचा गेला तर 4 लाख. तीस दिवसांत मरण्याची शक्यता नव्वद टक्के किंवा अधिक असेल तर सरसकट 2 लाख! सरकार म्हणेल, आजारानेच मृत्यू येण्याची शक्यता जास्त, म्हणून रक्कम कमी. अहो, पण मृत्यू चाचणीमुळेच झाला हे ठरल्यावरच तर भरपाई मिळते! मग उरलेल्या सहा महिन्यांचा भाव आठपटीने उतरवणारे तुम्ही कोण? ज्याचे दिवस मोजके, त्याला त्यातला एकेक दिवस मोलाचा.

यशाच्या दारातून आम्ही बाहेर

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांनी मिळून नेक्सकार-19 ही कार-टी पेशी उपचारपद्धती विकसित केली. रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, कर्करोग ओळखायला शिकवून परत सोडायच्या. ऑक्टोबर 2023 मध्ये तिला मान्यता मिळाली, 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ती राष्ट्राला अर्पण झाली. चाचणीत ज्यांचा प्रतिसाद मोजता आला त्या रुग्णांपैकी 73 टक्क्यांचा आजार हटला किंवा कमी झाला. ज्यांच्यावर आधीचे सगळे उपाय थकले होते अशा रुग्णांत हे घडले. आम्हाला याचा अभिमान आहे. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांनी हे करून दाखवले.

परदेशी किमतीच्या दहाव्या हिश्श्यात, असे सांगितले गेले. दहावा हिस्सा म्हणजे सुरुवातीला चाळीस लाखांच्या घरात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे कवच किती? कुटुंबाला वर्षाला पाच लाख. कोल्हारच्या उसाच्या फडात राबणाऱ्याने उरलेले पस्तीस लाख कुठून आणायचे? चाचणी संपली की उपकारक ठरलेले औषध रुग्णाला पुढेही मोफत देता येते, अशी तरतूद 2019 च्या नियमांत आहे, पण ती 'डॉक्टरांनी शिफारस केली तर, दुसरा उपाय नसेल तर, नैतिकता समितीने मान्य केले तर' अशा अटींत बांधलेली आहे. आणि ती फक्त चाचणीतल्या रुग्णासाठी. त्याच्या शेजारच्या खाटेवरच्याचे काय?

शेजारच्या खाटेवरचीही आम्हाला माहीत आहे. आमच्याच भागातली एक बाई, तिलाही रक्ताचा कर्करोग. तिला कोणीही कधीही कुठल्या चाचणीबद्दल सांगितले नाही. अर्धा एकर विकून तिने जमेल तेवढे उपचार केले, आणि गेली. एकाला न सांगता आत घेतले, दुसरीला न सांगता बाहेर ठेवले. दोन्हीकडे गोष्ट एकच: आम्हाला सांगायची गरज कोणाला वाटत नाही.

लढले तर मिळते

रक्ताच्याच एका कर्करोगावरचे इमॅटिनिब हे औषध आठवा. नोव्हार्टिस कंपनीचे ग्लिव्हेक महिन्याला लाखाच्या वर जात होते, इथल्या कंपन्यांचे तेच औषध आठदहा हजारांत मिळत होते. पेटंटविरुद्ध मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन उभी राहिली, आणि 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारले. कायदा वाचणारे, कागद जपणारे रुग्णांचे लोक पाठीशी होते म्हणून हे झाले.

आपल्या जिल्ह्याने सोनई पाहिले, खर्डा पाहिले, जवखेडा पाहिले. आपण रस्त्यावर उतरलो आणि उतरलेच पाहिजे होते. पण इस्पितळाच्या पायरीवर कागद हातात धरून जो गुपचूप मरतो त्याच्यासाठी मोर्चा निघत नाही. "हा चळवळीचा विषय आहे का?" असे विचारणाऱ्यांना आम्ही रमाईंची आठवण करून देतो. चार लेकरे त्या माउलीने मातीआड केली. गरिबाघरचे आजारपण हा चळवळीचा विषय नसेल तर कोणता आहे?

म्हणून आमच्या मागण्या. जोखमीचा हा गुणक रद्द करा, प्रत्येक जिवाला समान भरपाई द्या. सार्वजनिक पैशातून झालेला उपचार फुले योजनेत पूर्ण खर्चासह घ्या. महाराष्ट्रात प्रत्येक चाचणीचा संमतीपत्रक मराठीत असलाच पाहिजे, आणि नैतिकता समितीत वंचित समाजाचा माणूस असलाच पाहिजे.

आणि तरुणांनो, एक काम आपल्यासाठी. देशातल्या चाचण्यांची नोंदवही, सीटीआरआय, सगळ्यांसाठी खुली आहे. कुठल्या इस्पितळात, कुठल्या आजारावर, कोणाची चाचणी चालू आहे, ते मोबाईलवर दिसते. प्रत्येक विहारात दोन मुलामुलींनी ती वाचायला शिकावे. वस्तीतला रुग्ण मोठ्या इस्पितळात निघाला की त्याच्याबरोबर वाचता येणारा एक जण जावा. सही करण्याआधी चार प्रश्न विचारावेत: ही चाचणी आहे का? नाही म्हटले तर माझ्यावर कोणते उपचार होतील? इजा झाली तर जबाबदार कोण? संपल्यावर औषध मिळेल का?

चवदार तळ्यावर बाबासाहेब तहान भागवायला गेले नव्हते, माणूस म्हणून हक्क बजावायला गेले होते. आम्हालाही औषध भीक म्हणून नको, हक्क म्हणून हवे. त्या बापाला आम्ही त्या रात्री ओट्यावर उत्तर दिले. आता पुढच्या बापाला ते सही करण्याआधी मिळाले पाहिजे.

जय भीम! जय संविधान!