आधी लस, मग पिले

नांदेड व लातूर जिल्ह्यांत सोयाबीन व तुरीचा पैसा शेतकऱ्याच्या हाती वर्षातून एकदोनदाच येतो. मधल्या काळात मीठमिरची व वह्यापुस्तकांचा खर्च पुष्कळदा परसातील कोंबड्यांवर भागतो, आणि तो पैसा गृहिणीच्या हाती राहतो. परंतु मानमोडीची साथ आली की थोड्याच दिवसांत खुराडे रिकामे होते. या रोगावर औषध नाही. लस मात्र आहे. पहिल्या आठवड्यात पिलाच्या डोळ्यात वा नाकपुडीत लासोटा लसीचा थेंब घालावा, आठव्या आठवड्यात पंखाखाली लस टोचावी.

अडचण निराळीच आहे. लसीची कुपी बहुधा शंभर वा अधिक पक्ष्यांची असते, विरघळविल्यावर ती दोन तासांत संपवावी लागते, आणि एका घरी कोंबड्या दहाच! यास्तव गावकार्यकर्त्यांनी दिवस ठरवावा, लस बर्फात आणवावी व पहाटे डालगी उघडण्यापूर्वी घरोघरचे काम उरकावे.

बर्ड फ्लूवर ही लस चालत नाही. त्या रोगाने जानेवारी 2025 मध्ये उदगीर येथे कावळे मेले होते. पक्षी एकाएकी मरू लागल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे.

सुधारित पिलांचे वाटप अवश्य व्हावे. परंतु ज्या गावी लसीचा दिवस ठरला, त्या गावी ते प्रथम व्हावे.