डोंगर नसलेलं गाव

गावाचं निसर्गचित्र शिकायचं तर आधी एखाद्या जाणत्या चित्रकाराच्या चित्रावरून हात घोटावा, या सल्ल्याला नाकं मुरडणाऱ्यांनी एकदा तमिळनाडूतल्या तिरुवैयारुला जाऊन यावं. पुष्य बहुल पंचमीला कर्नाटक संगीतातले रचनाकार त्यागराज यांच्या समाधीपाशी शेकडो गायक एकसुरात त्यांच्या पंचरत्न कृती गातात. गुरूच्या तोंडून ऐकून घोटलेलं ते गाणं. त्याला कुणी उसनं म्हणत नाही.

चित्रात मात्र धोका आहे, आणि तो जवळच्याच तंजावरात दिसतो. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात (१७९८–१८३२) तिथले चित्रकार इंग्रज गिऱ्हाइकांसाठी निरनिराळ्या जाती-व्यवसायांच्या जोडप्यांचे संच काढत. नमुने ठरलेले, त्यामुळे एकाच ठेवणीची माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. हात सफाईदार, डोळा बांधलेला. त्याच राजाच्या धन्वंतरी महालात नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची चित्रं काढली जात. ती सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. तिथे नमुन्याची सोय नव्हती. समोरचा डोळा जसा बिघडला असेल तसाच उतरवायचा.

आपल्याकडचा विद्यार्थी परांडेकरांची किंवा मिलिंद मुळीकांची जलरंगचित्रं समोर ठेवून बसतो. उत्तम. आकाश ओलं असतानाच झाडाचा रंग कधी सोडला, पाण्यावरची चमक म्हणून कागद कुठे कोरा राखला, झाडाची पानं न मोजता झाड कसं उभं केलं, हे नुसतं पाहून कळत नाही. सबंध चित्र उतरवण्यापेक्षा त्यातला हातभर बांध चारदा काढावा.

पण हाच विद्यार्थी तिरुवैयारुला कावेरीकाठी बसला तर पहिल्या अर्ध्या तासातच अडेल. मागे निळसर डोंगर नाही, उतरती कौलं नाहीत, वळत खाली जाणारी पायवाट नाही. सपाट खाचरं, नारळ, दूरवर गोपुर. कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचं पाणी १२ जूनला सोडण्याचा प्रघात आहे. ते पोहोचून लावणी झाली की निम्मं आकाश शेतात उतरतं. क्षितिज कुठे धरायचं, हेच आधी ठरवावं लागतं. सवयीने मागे डोंगर ठोकणारे महाभाग आहेत. त्यांनी नक्कल केली, अभ्यास नाही.

आणि नक्कल प्रदर्शनात लावायचीच असेल तर सहीच्या वर मूळ चित्रकाराचं नाव घालावं. शाळांच्या चित्रकला स्पर्धांनीही ही अट छापायला हरकत नाही.