एक्स-रे कशासाठी, हे विचारायला शिका!

तारापूर एमआयडीसीतला कंत्राटी कामगार दाढ दुखते म्हणून दवाखान्यात जातो. तोंड नीट तपासण्याआधीच सगळ्या दातांचा एक्स-रे काढा म्हणाले, तरी तो गप्प बसतो. 'साहेब सांगतील ते' ही सवय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या लावली गेली आहे.

आम्ही एक्स-रेच्या विरोधात नाही. रूट कॅनलला, आडव्या अक्कलदाढेला, दोन दातांमधल्या लपलेल्या किडीला तो लागतोच. पण आधी तपासणी, मग गरजेनुसार एक्स-रे, हा दंतशास्त्राचाच नियम आहे. म्हणून विचारा: यातून काय ठरणार? थांबलो तर काय होईल? स्वस्त पर्याय कोणता? आपली कागदपत्रे मिळवणे आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे हे हक्क राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत आहेत. मात्र सूज किंवा ताप असेल तर थांबू नका.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याची पायाभरणी झाली; १९४८ साली ईएसआय कायदा आला. तुमचा ठेकेदार ईएसआय कार्ड देतो का? नसेल, तर पहिला प्रश्न त्याला विचारा. डॉक्टरला विचारणे हा उद्धटपणा नाही आणि ठेकेदाराला विचारणे हा गुन्हा नाही.

जयभीम!