आंबा निर्दोष, कागद सदोष

मे २०२५ मध्ये विमानाने अमेरिकेत पोहोचलेल्या भारतीय आंब्याच्या किमान १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा येथील विमानतळांवर नाकारण्यात आल्या. फळांत कीड सापडली, असे कारण नव्हते. ८ व ९ मे रोजी नवी मुंबईतील वाशी येथे या आंब्यावर विकिरण प्रक्रिया झाली होती. त्या प्रक्रियेची साक्ष देणाऱ्या 'पीपीक्यू २०३' या कागदात त्रुटी असल्याचा आक्षेप अमेरिकी यंत्रणेने घेतला. माल परत न्या किंवा नष्ट करा, एवढेच पर्याय निर्यातदारांपुढे उरले. परतीच्या विमानभाड्याचा बोजा आणि फळाचे उरलेले आयुष्य पाहता आंबा तिथेच नष्ट करण्यावाचून गत्यंतर नव्हते. निर्यातदारांच्या अंदाजानुसार नुकसान सुमारे ५ लाख डॉलरचे होते.

या घटनेचे मर्म समजण्यासाठी कागदाचे माहात्म्य ध्यानात घ्यावे लागेल. भारतीय आंब्याला अमेरिकेची बाजारपेठ २००७ मध्ये खुली झाली, ती विकिरणाच्या अटीवरच. फळमाशी आणि कोयीतील भुंगेरा यांचा बंदोबस्त व्हावा म्हणून फळाला किमान ४०० ग्रे इतकी मात्रा द्यावी लागते. वाशीत महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या केंद्रात ही प्रक्रिया अमेरिकी कृषी खात्याच्या निरीक्षकाच्या देखरेखीखाली होते आणि 'पीपीक्यू २०३' हा दाखलाही तोच निरीक्षक देतो. विकिरण झाले की नाही, हे फळाकडे पाहून कळत नाही. साहजिकच परक्या विमानतळावरील अधिकाऱ्याच्या लेखी कागद हाच पुरावा ठरतो.

पेच आहे तो इथेच. ज्या दाखल्यावर संपूर्ण खेपेचे भवितव्य अवलंबून, तो निर्यातदार लिहीत नाही आणि त्यात दुरुस्तीही करू शकत नाही. दाखला हाती पडल्यावरच मुंबईहून माल विमानात चढवला, असे निर्यातदारांचे म्हणणे होते. चूक केंद्रातील नोंदींची की दाखला देणाऱ्याची, हा वाद बाजूला ठेवला तरी भुर्दंड मात्र दोहोंपैकी कोणालाही न पडता तिसऱ्याच्याच माथी बसला.

गेल्या दशकात भारताने आपल्या बाजूचे कागद कमी केले, हे मान्य करावेच लागेल. २०१५ मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने निर्यातीसाठी सक्तीची कागदपत्रे तीनवर आणली : बिल ऑफ लेडिंग किंवा एअरवे बिल, पॅकिंग यादीसह व्यापारी बीजक आणि शिपिंग बिल. 'ई-संचित'मुळे जोडपत्रे संगणकावरून सादर होऊ लागली. आयातीत २०२० पासून देशभर 'फेसलेस' मूल्यांकन आले. न्हावा शेवा बंदरात उतरलेल्या मालाची कागदपत्रे दुसऱ्या शहरातील अधिकारी तपासू शकतो. तथापि, या सुधारणांचा अंमल आपल्या सीमेपर्यंतच. खरेदीदार देशाने मागितलेले दाखले त्या तिहींच्या बाहेर राहतात आणि नाशवंत मालाच्या बाबतीत निर्णायक ठरतात तेच.

याउलट भारतीय सीमाशुल्क कायद्याकडे पाहावे. १९६२ च्या या कायद्यातील कलम १४९ अन्वये, निर्यातीच्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदोपत्री पुराव्याच्या आधारे शिपिंग बिलात माल गेल्यानंतरही दुरुस्तीची परवानगी मिळू शकते. लेखनातील चूक आणि लबाडी यांत फरक करण्याची ही रीत आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या व्यापार सुलभीकरण कराराने, जो २२ फेब्रुवारी २०१७ रोजी अमलात आला, नाशवंत माल शक्य तितक्या लवकर मोकळा करण्याचे आणि नाकारलेला माल परत नेऊ देण्याचे बंधन घातले आहे. पण आंब्याच्या पेटीला परतीची मुभा म्हणजे केवळ शाब्दिक दिलासा! तिला हवी असते ती काही तासांत शंकानिरसन करणारी व्यवस्था.

म्हणूनच उपाय वाशीत शोधावा लागेल. विकिरणाच्या मात्रेच्या नोंदी आणि दाखला यांचा मेळ माल केंद्राबाहेर पडण्यापूर्वीच दोन्ही देशांच्या प्रतिनिधींनी घालावा, तो संगणकीय मार्गाने थेट अमेरिकी यंत्रणेकडे पोहोचावा आणि मूळ नोंदी निर्दोष असतील तर दाखल्यातील त्रुटी सुधारण्याची सोय उभयपक्षी मान्य व्हावी. दाखला देणाऱ्याच्या चुकीची भरपाई कोणी करायची, हेही आधीच ठरलेले असावे.

शेतकरी फळाची प्रत सांभाळू शकतो, निर्यातदार वेळ सांभाळू शकतो. परंतु दुसऱ्याने लिहिलेल्या कागदाची हमी दोघांपैकी कोणीही देऊ शकत नाही. ती हमी देणे सरकारांचे काम आहे. ते होत नाही तोवर अमेरिकेस जाणाऱ्या प्रत्येक पेटीत आंब्यासोबत ही जोखीमही भरलेली असेल.