लॉटरी लागल्याचा मेल आला? आधी पैसा कोणत्या दिशेने चाललाय ते बघा

भाताची काढणी झाली की घोटीच्या बाजारपेठेत गाड्यांची वर्दळ वाढते. इगतपुरी तालुक्यातला भात इथल्या राईस मिलमध्ये येतो, आणि विकलेल्या मालाचे पैसे आता बऱ्याच वेळा थेट खात्यात जमा होतात. मोबाईल वाजतो, बँकेचा मेसेज दिसतो, जीव भांड्यात पडतो.

आता समजा, त्याच संध्याकाळी मोबाईल पुन्हा वाजला. ‘अभिनंदन! तुमच्या नंबरला २५ लाखांची लॉटरी लागली आहे.’ सोबत अमिताभ बच्चन यांचा फोटो, ‘कौन बनेगा करोडपती’चा लोगो, बँकेचा गोल शिक्का आणि कुणा ‘मॅनेजर’चा व्हॉट्सअ‍ॅप नंबर. दिवसभरात आलेला पहिला मेसेज खरा होता. मग दुसरा खोटा कशावरून?

मित्रांनो, ही फसवणूक जुनी आहे. तरीही ती चालते. ती का चालते हे कळलं, तर ओळखायला अवघड नाही.

मेल गेला, व्हॉट्सअ‍ॅप आलं, डाव तोच

पंधरा-वीस वर्षांपूर्वी असे निरोप ईमेलने यायचे. कधी ब्रिटनची लॉटरी, कधी मायक्रोसॉफ्ट किंवा कोका-कोलाच्या नावाचं बक्षीस. याला ‘४१९’ प्रकारची फसवणूक असंही म्हणतात, कारण नायजेरियाच्या फौजदारी कायद्यातलं फसवणुकीचं कलम ४१९ आहे. सूत्र एवढंच: मोठ्या रकमेची आशा दाखवायची आणि ती मिळवण्यासाठी आधी छोटी रक्कम भरायला लावायची.

भारतात या डावाने केबीसीचं रूप घेतलं. दिल्ली पोलिसांच्या सायबर विभागाने याची पद्धत जाहीरपणे सांगितली आहे. जिओ आणि केबीसी यांनी मिळून काढलेल्या लॉटरीत २५ लाख लागल्याचा निरोप येतो. यातले बरेच नंबर +९२ ने सुरू होतात. हा पाकिस्तानचा कोड आहे, भारताचा +९१. संपर्क केला की ‘परत मिळणारी’ प्रोसेसिंग फी मागतात, नंतर जीएसटी, नंतर आणखी काही. माणूस कचरला की बक्षीसच वाढवतात: २५ चे ४५ लाख, मग ७५ लाख. आणि सगळं बोलणं फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर करायचा आग्रह धरतात.

चुकीच्या भाषेवर विसंबू नका

‘मेलमध्ये स्पेलिंग चुकलेलं असतं, त्यावरून ओळखा’ असं आपण नेहमी ऐकतो. पण यात एक गंमत आहे. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधले संशोधक कॉर्मॅक हर्ले यांनी २०१२ मध्ये एक प्रश्न विचारला: हे लोक इतकी अविश्वसनीय गोष्ट का सांगतात? त्यांचं उत्तर असं, की ही चाळणी आहे. लाखो लोकांना मेल पाठवायला खर्च जवळपास शून्य. खरा वेळ जातो तो उत्तर देणाऱ्यांशी बोलण्यात. मग जो हुशार आहे, शंका घेणारा आहे, तो पहिल्याच ओळीला गळून गेलेला त्यांना बरा. उरतो तो विश्वास ठेवणारा.

म्हणजे ‘माझाच नंबर त्यांना कसा मिळाला’ याचं फार आश्चर्य नको. त्यांनी तुम्हाला निवडलेलं नसतं. तुम्ही उत्तर दिलंत की मग निवडता.

आणि आता तर शुद्ध, गोड मराठीत मजकूर लिहून देणारी साधनं कुणालाही मिळतात. त्यामुळे स्पेलिंगची खूण पुढे फारशी कामाला येणार नाही. जास्त पक्की खूण हवी.

पक्की खूण: पैसा कुठून कुठे जातोय?

खरी लॉटरी कशी चालते ते बघा. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून आहे. त्यात आधी तिकीट विकत घ्यावं लागतं, सोडतीत त्या तिकिटाचा नंबर यावा लागतो आणि बक्षीस मागायला ते तिकीट दाखवावं लागतं. मोबाईल नंबरला किंवा ईमेल आयडीला लॉटरी ‘लागत’ नाही. तिकीटच नाही तर बक्षीस कसलं?

दुसरं, टॅक्स. लॉटरीच्या रकमेवर ३० टक्के दराने आयकर असतो. पण रोख बक्षिसात देणारा तो टॅक्स कापून उरलेली रक्कम देतो. ‘आधी टॅक्स भरा, मग २५ लाख देतो’ म्हणणाऱ्याला सरळ विचारा, ‘त्यातूनच कापून घ्या की!’ तिथेच गाडं अडतं. बक्षीस म्हणून कार लागली असं सांगून टॅक्स मागितला, तरी सरकारचा टॅक्स सरकारच्या खात्यात चलनाने जातो. कुणाच्या खासगी यूपीआय आयडीवर नाही.

तिसरं, परदेशी लॉटरी. परकीय चलनाच्या नियमांनुसार लॉटरीच्या तिकिटासाठी भारतातून बाहेर पैसे पाठवायलाच बंदी आहे. रिझर्व्ह बँकेच्या नावाने पत्र आलं तरी घाबरू नका. रिझर्व्ह बँक सामान्य माणसाचं खातं ठेवत नाही आणि लॉटरीचे पैसेही वाटत नाही, हे तिने स्वतः अनेकदा सांगितलंय.

मेल आलाच तर दोन मिनिटांत तपासा

- पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवा आणि खरा पत्ता उघडा. नाव बँकेचं आणि पत्ता फुकटच्या जीमेलचा असेल तर विषय संपला.
- उत्तर देण्याचा पत्ता वेगळाच आहे का, तेही बघा.
- ‘२४ तासांत उत्तर द्या’, ‘कुणाला सांगू नका’ असं लिहिलंय? घाई आणि गुपित ही दोन्ही फसवणुकीची भावंडं.
- जोडलेली फाईल किंवा लिंक उघडू नका.
- पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जाणार.

पैसे गेले असतील तर

सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं, कारण माणूस लाजेने गप्प बसतो. घरच्यांना कळलं तर काय म्हणतील, गावात हसं होईल, म्हणून दोन-चार दिवस जातात. तेवढ्यात पैसा एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरून बाहेर पडतो.

म्हणून लगेच १९३० लावा. ही राष्ट्रीय सायबर हेल्पलाईन आहे. तक्रार वेळेत पोचली तर पैसा ज्या खात्यात गेला तिथे अडवता येऊ शकतो. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवरही तक्रार करता येते. बँकेला कळवा. मेसेज, नंबर, व्यवहाराचा क्रमांक यांचे स्क्रीनशॉट ठेवा, रागात काही डिलीट करू नका. घोटीतल्या माणसाला घोटी पोलीस ठाणं आहे, आणि नाशिक ग्रामीण पोलिसांचं वेगळं सायबर पोलीस ठाणंही आहे. दुसऱ्याचं सोंग घेऊन ऑनलाईन फसवणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

नुसता संशयास्पद मेसेज आला, पैसे गेले नाहीत, तरी संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’ सुविधेत तो कळवता येतो.

आणखी दोन गोष्टी. एकदा फसलेल्या माणसाला नंतर ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो, थोडी फी भरा’ असा फोन येऊ शकतो. तोही तोच डाव. आणि ‘तुझं खातं आठवडाभर वापरू दे, पाच हजार देतो’ असं कुणी गावातल्या पोराला म्हटलं, तर ते खातं अशाच लुटीच्या पैशांसाठी लागतं. पोलीस आधी त्याच खातेदाराच्या दारात येतात.

शेवटी, घरात जो मोबाईल वापरतो पण बातम्या वाचत नाही, त्याला हे एक वाक्य सांगा: बक्षीस देणारा पैसे देतो, मागत नाही. आणि फसलेलं कुणी घरी येऊन बोललं, तर आधी १९३० लावा. बोलणी नंतर.